बस्ता बांधण्याआधी: नवरी-नवरदेवाचे कपडे आणि दागिने कसे निवडावेत

साक्षगंध (साखरपुडा) आटोपलं, तारीख निघाली, की लगीनघरात बस्त्याची बोलणी सुरू होतात. पंधरा माणसं गाडी करून अमरावतीला नाहीतर नागपूरला जातात, दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडतात आणि संध्याकाळी दमून जे समोर असेल ते बांधून आणतात. मग लग्नाच्या आदल्या रात्री कळतं, की ब्लाउज दंडात शिरत नाही, शेला बुळबुळीत असल्यामुळे गाठ टिकत नाही आणि नवरदेवाला चुडीदार घालून पाटावर मांडी घालता येत नाही. हे सगळं टाळता येतं. घरातलं पहिलंच लग्न असेल तर खालच्या क्रमाने चला. आमचा भर दिसण्याइतकाच वागवण्यावर आहे. नवरी-नवरदेवाला हे कपडे सहा-सात तास, उन्हात, होमाजवळ आणि शेकडो माणसांच्या पाया पडत अंगावर ठेवायचे असतात.

१. यादी विधींवरून करा

वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला विधी लिहा: साक्षगंध, गडगनेर (केळवण), हळद, देवक, लग्न, वरात, नंतरची पूजा, मांडवपरतणी. तुमच्याकडे जे होतं तेवढंच लिहा. प्रत्येकासमोर चार गोष्टी भरा: किती वाजता, कुठे, बसून की उभ्याने, आणि हा कपडा कोणाकडून यायचा. एवढं लिहिलं की किती जोड लागतात ते आपोआप दिसतं. बहुतेक घरांत नवरीला चार ते पाच साड्या आणि नवरदेवाला तीन जोड पुरतात. त्यावर घेतलेलं सहसा कपाटात पडून राहतं.

रीत घरच्या मोठ्यांना विचारून घ्या, शेजारच्या गावावरून ठरवू नका. मामाकडची पिवळी साडी कुठे लग्नाला नेसतात, कुठे हळदीला. बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधूवर पांढरे कपडे घालतात, तिथे भरजरी लाल शालू बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा चांगली पांढरी साडी शोधायला जास्त दिवस ठेवावेत. दुकानात पांढऱ्यात निवड कमी असते, आणि कोरा पांढरा, दुधी पांढरा आणि मोतिया यांतला फरक मांडवातल्या उजेडात ठळक दिसतो. नवरी-नवरदेवाचा पांढरा एकमेकांशेजारी ठेवूनच निवडा.

२. महिना आणि मुहूर्त बघून कापड ठरवा

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे विदर्भात पारा ४३ ते ४६ अंशांपर्यंत जातो. दुपारचा मुहूर्त, वर टिनाचं शेड किंवा कापडी मांडव, समोर व्हिडिओवाल्याचे दिवे आणि मध्ये होम. अशा वेळी मखमलीची शेरवानी किंवा जाड पॉलिस्टर अस्तराचा लेहंगा अंगावर असेल तर चक्कर यायला फार वेळ लागत नाही. उन्हाळ्यात टसर, सुती-रेशमी मिश्रण, चंदेरी, हलकं रेशीम घ्या. अस्तर सुती किंवा मलमलचं मागा. दुकानदार कापड दाखवतो, अस्तर दाखवत नाही. कपडा उलटा करून हात लावून बघा. बोटांना घसरतं आणि थंडगार लागतं ते अस्तर बहुतेक वेळा पॉलिस्टरचंच असतं, आणि घाम त्याच्याआडच साचतो.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. गोंदिया, गडचिरोलीकडे किंवा मेळघाटाच्या पायथ्याशी रात्रीची वरात असेल तर बिनबाह्यांच्या ब्लाउजवर जाळीची ओढणी पुरत नाही. साडीला जुळणारी शाल यादीत लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणाचं तरी स्वेटर फोटोत येत नाही.

३. कोणाकडून काय, हे इवायांशी (व्याह्यांशी) आधी बोला

नवरीचा शालू वरपक्षाकडून आणि नवरदेवाचा पोशाख वधूपक्षाकडून, ही सर्वसाधारण रीत. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची, अशीही रीत बऱ्याच घरांत आहे. पण जोडवी कोणाची, अंगठी कोणाची, ब्लाउजची शिलाई कोण देणार, मेकअपवाली कोणाच्या खर्चात, यावर नेमकी कुरबुर होते. दोन्हीकडच्या एकेका माणसाने समोरासमोर बसून यादीत नाव लिहावं. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, दुपट्टे, शर्टपीस-पँटपीस यांची यादी वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यांची खरेदीही वेगळ्या दिवशी करा. आहेराच्या साड्या काढता काढता नवरीच्या शालूसाठी संध्याकाळचे सातच वाजतात, आणि घाईत घेतलेला शालूच पुढे जास्त बोलला जातो.

पन्नास जोडी मानपान असेल तर पाच जास्त घ्या. न वापरलेले नग परत घेणार का, ते बिलावर लिहून घ्या.

४. तारखेपासून मागे मोजा

तीन महिने आधी: नाक टोचायचं असेल तर आत्ताच. नाकपुडी भरून यायला महिने लागतात आणि ओल्या जखमेत नथ घातली तर सुजते. करवतकाठी किंवा पैठणी विणकराकडून सांगून घ्यायची असेल तरीही आत्ताच बोला.

दोन महिने आधी: नवरीच्या साड्या, नवरदेवाचं कापड, सोन्याची ऑर्डर.

दीड महिना आधी: ब्लाउज टाकणे. आरी वर्क (आरीच्या सुईने केलेलं मणी-जरीचं भरतकाम) असेल तर लग्नसराईत कारागीर तीन आठवडे सहज घेतो. गावातल्या टेलरकडे गुढीपाडव्याच्या आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास कपड्यांचा ढीग असतो, तेव्हा तारीख वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या.

पंधरा दिवस आधी: पहिली ट्रायल. आठ दिवस आधी शेवटची.

५. नवरीची साडी

बस्त्याला पाचच माणसं न्या: नवरी, तिची आई किंवा बहीण, वरपक्षाच्या दोन बाया आणि पैशाचा निर्णय घेणारा एक माणूस. सकाळी लवकर पोचा. नागपूरला गांधीबाग-इतवारी, अमरावतीला शहराबाहेरच्या नागपूर रस्त्यावरची घाऊक कापड संकुलं, अकोला-चंद्रपूर-यवतमाळच्या बाजारपेठा, कुठेही जा, पण लग्नाची मुख्य साडी आणि आहेर एकाच दुकानातून घेण्याचा हट्ट नको. घाऊक दुकान आहेरासाठी परवडतं. शालूसाठी जिथे एक-एक साडी अंगावर लावून बघू देतात तिथे जा.

साडी दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली पसंत करून थांबू नका. दाराशी उजेडात नेऊन बघा. डाळिंबी रंग आत लाल दिसतो आणि बाहेर जांभळट. नवरीच्या चेहऱ्याजवळ धरा, हातावर टाकून नाही. घरून जाताना नवरीने साध्या रंगाचा, उघड्या गळ्याचा ब्लाउज घालून जावं, म्हणजे रंग खरा उठतो.

रेशीम म्हणून घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, रेशीम चिन्हाचं लेबल, ज्याला सिल्क मार्क म्हणतात. दुसरी, काठाच्या टोकाचा एक धागा मागून घेऊन जाळा: खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तिसरी, पदराची उलटी बाजू. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ तितकाच स्वच्छ असतो. यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. यंत्रमागाची साडी घेऊ नका असं नाही. हलकी असते, स्वस्त असते, दिसतेही छान. फक्त हातमागाचे पैसे देऊन ती घेऊ नका.

आपल्याच भागातली करवतकाठी साडी लग्नात का दिसत नाही, हे कोडंच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव परिसरात आणि नागपूर भागात ती विणली जाते. अंग टसरचं, आणि काठाला करवतीचे दाते विणलेले. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष होतात. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून दाते एकमेकांत गुंतवतात, म्हणून दात्याचा रंग मागच्या बाजूलाही तितकाच पक्का दिसतो. छापील नकलेत मागे रंग फिका पडतो. टसरचा धागा थोडा खडबडीत, कुठे जाड कुठे बारीक असतो. तो दोष समजू नका. उन्हाळ्यातल्या लग्नाला, विशेषतः हळदीनंतरच्या विधींना किंवा पूजेला, यासारखं सुटसुटीत रेशमी वस्त्र दुसरं नाही. आणि ही साडी नंतर दहा वर्षं सणावाराला नेसता येते. भारी शालूच्या नशिबी एवढं नेसणं क्वचितच येतं.

वजन बघायला विसरू नका. साडी पूर्ण नेसून, निऱ्या घालून, दुकानातल्या आरशासमोर पाच मिनिटं उभं राहा आणि एकदा खाली बसून उठा. खडे आणि टिकल्यांचं काम असलेला पदर खांद्यावरून मागे ओढतो. तो दिवसभर हाताने धरून ठेवावा लागतो. काठाचे खडे पायाच्या पैंजणात अडकतात, जोडव्यात धागा गुंततो. खालच्या काठाला विणलेलं काम असलं तर उत्तम.

मोजमाप: सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर आणि वर ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस. टेलरने ब्लाउजपीस कापण्याआधी साडी मोजा. कमी भरली तर दुकानात परत करता येते, कापल्यावर नाही. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. शिवलेली नऊवारी घालायला सोपी, पण एकदा शिवली की ती पुन्हा उघडी साडी होत नाही. आयुष्यभर ठेवायची चांगली नऊवारी शिवून वाया घालवू नका. शिवून घ्यायची तर स्वस्तातली घ्या.

फॉल लावण्याआधी फॉलची पट्टी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरी पट्टी लावली तर पहिल्या धुण्यात ती आटते आणि साडीचा काठ गोळा होतो. टेलर हे स्वतःहून करेलच असं नाही, सांगावं लागतं.

बिल बघताना एक फरक ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, साडीवर ५ टक्के. लेहंगा आणि तयार शेरवानीची किंमत विचारताना कर धरून विचारा.

६. ब्लाउज: इथे सगळ्यात जास्त बिघडतं

कापड किती लागेल ते बघा. ४४ इंच पन्ह्याचं कापड कोपरापर्यंतच्या बाहीला ८० सेंटिमीटर पुरतं. छाती ४० च्या वर असेल किंवा बाही मनगटापर्यंत हवी असेल तर एक मीटर घ्या. साडीतला पीस पुरत नसेल तर जुळणारं कापड त्याच दुकानातून, साडी समोर ठेवून घ्या.

माप देताना त्या दिवशी जी अंतर्वस्त्रं घालणार तीच घालून जा. छाती, छातीखालचा घेर, खांदा, मुंढा, दंडाचा घेर, बाहीची लांबी, पुढचा-मागचा गळा आणि पूर्ण उंची, ही आठ मापं वहीत उतरलेली स्वतः बघा. नुसता जुना ब्लाउज मापाला देऊन येऊ नका, कारण धुऊन धुऊन तो सैल किंवा आखूड झालेला असतो.

टेलरला या गोष्टी नीट बजावून सांगा:

दोन्ही बाजूंच्या शिवणीत एक ते दीड इंच माया ठेवा. लग्नाआधीच्या महिन्यात कोणी बारीक होतं, कोणी गडगनेर खाऊन भरतं. माया असेल तर शेवटच्या दिवशीही उसवून सैल करता येतो.

अस्तर सुती हवं, आणि शिवण्याआधी पाण्यातून काढलेलं हवं.

आरी वर्क करायचं असेल तर आधी कापडावर मापाची आखणी, मग काम, आणि शेवटी शिलाई. काम झाल्यावर ब्लाउज मोठा करता येत नाही, कारण शिवणीजवळ मणी असतात. म्हणून कामवाल्या ब्लाउजला अर्धा इंच सैलसर माप द्या, आणि काखेखालच्या भागात मणी नकोच म्हणून सांगा. हात घासून तिथे लाल चट्टे उठतात.

ट्रायलच्या वेळी आरशात नुसतं उभं राहून परत येऊ नका. दोन्ही हात डोक्याच्या वर न्या, जसा हार घालताना न्यावा लागतो. मागून हुक ताणतात का, खालून ब्लाउज वर चढतो का, बघा. मग पूर्ण वाका, पाया पडल्यासारखं. गळा पुढे पडतो का ते तेव्हाच दिसतं. मग पाटावर बसल्यासारखं मांडी घालून बसा आणि खोल श्वास घ्या. या तिन्हींत अडलं नाही तरच ब्लाउज घरी न्या.

परकर सुती, साडीच्या रंगाचा, आणि त्या दिवशीची चप्पल घालून घोट्यापर्यंत येणारा हवा. अंगाला चिकटणारा तयार पेटीकोट फोटोत छान दिसतो, पण मे महिन्यात दिवसभर घालून बसणं आणि मध्ये बाथरूमला जाणं अवघड होतं. संध्याकाळच्या स्वागताला घाला, विधींना नको.

७. हळदीचे कपडे

सुती, हलके, आणि नंतर टाकून दिले तरी वाईट वाटणार नाही असे. नवरीला साधी पिवळी सुती साडी, नवरदेवाला पांढरं बनियन आणि लुंगी किंवा पायजमा. पिवळ्या साडीचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रंग उतरत असेल तर आधी धुऊन सुटा रंग काढून टाका, नाहीतर तो अंगाला आणि मांडवातल्या सगळ्यांच्या कपड्यांना लागतो.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. हळदीतला रंग क्षारात तसा बदलतो, कपडा बिघडलेला नसतो. आधी साध्या थंड पाण्यातून काढा, मग धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाने हळदीचा पिवळा रंग हळूहळू उडतो. गरम पाणी आणि इस्त्री मात्र डाग जाईपर्यंत नको.

८. नवरदेवाचा पोशाख

शेरवानी, जोधपुरी किंवा कोट, यांतलं एकच मुख्य घ्या. विधींना धोतर-कुडता किंवा सोवळं, आणि वरातीला शेरवानी, एवढं पुरतं. कोट-पँट शिवून घ्यायची तर ५८ इंच पन्ह्याचं साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं. नुसती पँट सव्वा मीटर. शर्टाला त्याच पन्ह्यात १.६ मीटर, आणि ३६ इंच पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. आहेराचे कापड घेतानाही हा हिशेब उपयोगी पडतो, कारण तयार पाकिटातले पीस बरेचदा आखूड भरतात आणि उंच माणसाला पुरत नाहीत.

कोटाची कच्ची ट्रायल मागा. बाह्या टाचलेल्या असतानाच खांदा दुरुस्त होतो. पक्की शिलाई झाल्यावर खांदा कोणीच नीट करत नाही.

शेरवानीखालचा चुडीदार मांडी घालताना गुडघ्यात ताणतो आणि आसनाच्या शिवणीत उसवतो. सरळ पायजमा किंवा लवचिक कापडाचा चुडीदार घ्या, आसन सैल ठेवा आणि ट्रायलला दहा मिनिटं मांडी घालून बसा. घोड्यावर वरात असेल तर शेरवानीची बाजूची चीर मांडीच्या मध्यापर्यंत तरी हवी, नाहीतर बटणांवर ताण येतो. आतून पांढरं सुती बनियन घालाच. घामाने अस्तराचा रंग अंगाला लागतो.

भाड्याने घ्यायची असेल तर काही वाईट नाही, एका दिवसाच्या कपड्यासाठी तो शहाणपणाचाच मार्ग आहे. पण ठरवतानाच घालून बघा, बटणं-खडे-अस्तराचे फोटो दुकानदारासमोर काढा, अनामत रक्कम आणि परतीची तारीख पावतीवर लिहून घ्या. लग्न शहराबाहेर खेड्यात असल्याने परत द्यायला दोन दिवस लागतात. तेवढे दिवस भाडं चढणार का, ते आधीच विचारा.

फेटा ऐनवेळी बांधणारा मिळणार असेल तर आठ-नऊ मीटरचं सुती-मलमल कापड आणा. तयार फेटा घ्यायचा तर डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजून न्या. एक नंबर लहान घेतला तर दोन तासांत डोकं ठणकतं. फेटा आधी, त्यावर बाशिंग किंवा मुंडावळ्या. म्हणून बाशिंगाची दोरी फेट्यासकट मागे बांधता येईल एवढी लांब आहे का, ते बघून घ्या.

मोजडी आठ दिवस घरात घालून सैल करा. वरातीत आणि जोडे लपवण्याच्या गमतीत जोडा हरवतोच. पायात घालायला दुसरी साधी चप्पल गाडीत ठेवा.

९. छोट्या वस्तू, ज्यांच्यावाचून विधी अडतो

या सगळ्या एका पिशवीत, एकाच माणसाच्या ताब्यात द्या: अंतरपाटाचं पांढरं कापड, नवरीचा शेला, नवरदेवाचं उपरणं, मुंडावळ्यांच्या दोन जोड्या, बाशिंग, कट्यार आणि तिला लावायला लिंबू, कंकणाचा दोरा आणि हळकुंड, हार.

शेला आणि उपरणं यांची गाठ मारून बघा, दुकानातच. सॅटिन आणि जाळीचं कापड गाठ धरत नाही, फेरे घालताना सुटतं आणि ते कोणालाच आवडत नाही. सुती किंवा चंदेरी, सव्वादोन मीटर लांब असलं की गाठ बसूनही दोघांना मोकळं चालता येतं. जाळीची लांब ओढणी होमाजवळ अजिबात नको. कृत्रिम धागा ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. पदर आणि शेला कमरेशी खोचून पिन करा.

फुलांच्या मुंडावळ्या दुपारच्या मुहूर्तावर तासाभरात माना टाकतात. मोत्यांच्या एका जोडीची सोय ठेवाच.

१०. सोनं-चांदी

इथे घाई महाग पडते, म्हणून नीट वाचा.

१ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता, म्हणजे २२ कॅरेटला ९१६ आणि १८ कॅरेटला ७५०, आणि हा क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर ॲप उतरवून दुकानातच क्रमांक टाका. समोर आलेला दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या दागिन्याशी जुळली पाहिजे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे बारीक वाट्या, डोरलं किंवा सुटे मणी घेताना शुद्धता बिलावर लिहून घेण्यावाचून इलाज नाही.

तोळा म्हणजे आता बाजारात १० ग्रॅम. घरातली म्हातारी माणसं ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा धरून बोलतात. दोन्ही घरांत “पाच तोळे” ठरले असतील तर ग्रॅममध्ये लिहा, नाहीतर आठ ग्रॅमचा फरक पडतो आणि त्यावरून मनं दुखतात.

वजन निव्वळ सोन्याचं मागा. लाख भरलेली एकदाणी, बोरमाळ, पोहेहार, खड्यांचे झुमके, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र किंवा गरसोळी, यांत लाख, खडे आणि मणी यांचं वजन वेगळं दाखवून वजा झालं पाहिजे. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे हवेत. घडणावळीवर घासाघीस करता येते, भावावर नाही. बारीक नक्षीच्या दागिन्याला घडणावळ जास्त, साध्या गोफाला किंवा पाटल्यांना कमी. म्हणून बेताच्या पैशात साधी घडण घ्या. मोडतानाही त्यातच कमी जातं.

जुन्या सोन्याची मोड द्यायची असेल तर आधी यंत्रावर शुद्धता तपासून घ्या, आणि गाळणं समोरच करायला सांगा. घट किती धरणार ते गाळण्याआधी ठरवा.

सोबत ठेवायची कागदपत्रं: पॅन कार्ड, आधार, जुन्या दागिन्यांची बिलं असतील तर ती, आणि चेकबुक किंवा खात्याची सोय. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. दोन लाख किंवा जास्त रक्कम दुकानदाराला रोख घेता येत नाही, आणि एकाच लग्नासाठीची बिलं तोडून रोख भरली तरी कायद्याने ती एकत्रच धरली जातात. कापूस-सोयाबीनचे पैसे रोख आले असतील तर आधी खात्यात टाका.

“एक ग्रॅम सोन्याचे” दागिने म्हणजे तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा. दिसायला उत्तम, मोड शून्य. वरातीला आणि स्वागताला ते खुशाल घाला, चोरीची चिंताही राहत नाही. आठ दिवस आधी तासभर घालून बघा. निकेलमुळे मानेला खाज सुटत असेल तर घामात ते सहन होणार नाही. अत्तर आधी, दागिने नंतर.

चांदीसाठी खामगावचं नाव जुनं आहे. जोडवी, पैंजण, तोरड्या घेताना शुद्धता बिलावर लिहून घ्या. जोडव्यांचं माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सकाळच्या मापाची जोडवी रात्री रुततात.

११. चुडा, नथ, मेंदी

बांगडीचं माप फसवं असतं. “२.४” म्हणजे दोन आणि चार-सोळांश इंच, म्हणजे आतून ५७ मिलिमीटर. “२.६” सुमारे ६० आणि “२.८” साडेत्रेसष्ट. नीट बसणारी जुनी बांगडी आतून पट्टीने मोजा आणि तोच आकडा सांगा. सोन्याच्या पाटल्या, लाखेचा चुडा आणि काचेच्या बांगड्या तिन्ही एका मापाच्या असल्या तर हातात एकावर एक चढत नाहीत. चुडा आदल्या दिवशी कासारणीकडून भरून घ्या आणि त्याच रंगाच्या डझनभर बांगड्या जास्तीच्या ठेवा. हळदीत आणि पाहुण्यांच्या गर्दीत दोन-चार फुटतातच. दोन्ही हातांत किती घालायच्या ते घरच्या रीतीने.

नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ घ्या आणि घरी दोन-तीनदा तासभर लावून बघा. चाप सैल असेल तर ती पंक्तीत ताटात पडते, घट्ट असेल तर डोळ्यांतून पाणी येतं. सोनार दोन मिनिटांत तो नीट करून देतो.

काळी मेंदी लावू नका. तिच्यातल्या केसांच्या रंगाच्या रसायनाने फोड येतात. साधी मेंदी दोन दिवस आधी काढा, पूर्ण रंग चढायला एक-दीड दिवस लागतो.

१२. आदल्या दिवसाची पेटी

विधींच्या क्रमाने कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावा: साडी, परकर, ब्लाउज, अंतर्वस्त्रं, दागिन्यांचा डबा, चप्पल. वेगळ्या डब्यात मोठ्या आणि लहान सेफ्टी पिना, सुई-दोरा साडी-ब्लाउजच्या रंगाचा, जास्तीचे हुक, नाडी आणि नाडीची सळई, कात्री, टिकल्या, सुती रुमाल, ग्लुकोजचं पाकीट. जरीच्या साडीला पिन लावताना पिनेत आधी एक मणी ओवा, म्हणजे पिनेच्या वळ्यात धागा अडकून फाटत नाही. दागिन्यांचा डबा एकाच बाईकडे, आणि काढताना-घालताना मोजून. इस्त्री आदल्या दिवशी दुपारीच करून ठेवा. मांडवाच्या गावात संध्याकाळी वीज जाते, तेव्हा कोळशाची इस्त्री शोधत फिरावं लागतं.

लग्नानंतर शालू लगेच घडी घालून पेटीत टाकू नका. रात्रभर वाऱ्यावर सावलीत पसरा, कुंकवाचे-हळदीचे डाग असतील तर ड्रायक्लिनला द्या, मग सुती पंचात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत जर काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, हव्याच असतील तर कापडात बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.